राजांची जोडी आणि तीन पत्तीची सवय

पणजीच्या मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोंवर पोकरच्या स्वस्त टुर्नामेंट होतात. प्रवेश फी काही हजार रुपये. 2025च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्यामुळे मोबाइलवर पोकर शिकलेली मंडळीही आता समोरासमोरच्या टेबलापुढेच बसू शकतात. पुण्या-मुंबईहून शनिवार-रविवार गाठून आलेले, शेजारच्या बेळगावचे, सुरतेचे, बेंगळुरूचे असे सगळे एका टेबलाभोवती असतात. यातले बहुतेक जण पत्ते शिकले ते दिवाळीतल्या तीन पत्तीवर. माझ्या मते, चांगली पानं आली की त्यांचं नेमकं काय चुकतं याचं उत्तर तिथेच आहे.

तीन पत्तीत हातात आलेली तीन पानं शेवटपर्यंत तीच राहतात. ट्रेल, म्हणजे तिन्ही सारखी पानं, आली तर ती शो होईपर्यंत ट्रेलच. म्हणून शहाणा माणूस चेहरा कोरा ठेवतो, हळूहळू चाल देत राहतो आणि समोरचे पॅक होऊ नयेत याची काळजी घेतो. होल्डेम पोकरमध्ये हातात दोनच पानं येतात. मग मधोमध सगळ्यांसाठी पाच उघडली जातात: आधी तीन, म्हणजे फ्लॉप, मग टर्नचं एक आणि रिव्हरचं एक. एक्क्यांची जोडी सुरुवातीला सगळ्यांत वरची असते खरी, पण ती असते जोडीच. पुढची पाच पानं कुणालाही दोन जोड्या, सिक्वेन्स, कलर, काहीही देऊ शकतात. म्हणून चांगली पानं लपवायची तीन पत्तीची सवय इथे नडते.

एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते. खऱ्या टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, म्हणजे दिवसभर बसलात तर एखादेवेळी. समोर कुठलीही पानं धरलेला एकच भिडू असेल तर ती शंभरात 85 वेळा जिंकते. दोन असतील तर 73, चार असतील तर 56, आणि पाच असतील तर पन्नासच्याही खाली. इतकं थांबून आलेली जोडी अर्ध्या टेबलाला फुकटात आत घेऊन खेळणं मला तरी पाहवत नाही.

एक डाव अगदी जवळून पाहिला. सगळ्यांकडे साधारण पंधरा हजारांच्या चिप्स, ब्लाइंड, म्हणजे दोघांनी पानं पाहण्याआधीच टाकायच्या सक्तीच्या चिप्स, 100-200. तिघांनी नुसते दोनशे टाकून कॉल केलं. बटणावर, म्हणजे वाटणाऱ्याच्या जागी, बसलेल्या तरुणानं पानांची कड अंगठ्यानं उचलून पाहिली: इस्पिकचा राजा, बदामचा राजा. त्यानं 1,400 पुढे सरकवले. टेबलावर कुजबुज झाली, ‘एवढे?’ दोघं लगेच फोल्ड. तिसरा म्हणाला, ‘बघू या तरी,’ आणि आला. पॉट झाला 3,500. फ्लॉप पडला गुलाम, सत्ती, दुर्री. तरुणानं 2,400 लावले, कॉल. टर्नला चौकी, 5,000 लावले, पुन्हा कॉल. रिव्हरला अठ्ठी, उरलेले 6,200 ऑल-इन. समोरच्यानं बराच वेळ चिप्स बोटांत खेळवल्या आणि कॉल केलं. त्याच्याकडे एक्का-गुलाम.

आता हाच डाव ‘लपवून’ खेळला असता तर? त्यानंही दोनशेच टाकले असते, दोन्ही ब्लाइंड आत राहिले असते, सहा जण आणि पॉट फक्त 1,200. तेवढ्या पॉटवर उरलेल्या 14,800 चिप्स तीन बेटांत आत जाणं फार अवघड. आणि सत्ती-दुर्री घेऊन फुकट बसलेल्या एखाद्याच्या दोन जोड्या झाल्याचं कळायलाही मार्ग नाही. स्वस्त टुर्नामेंटमध्ये लोकांना फोल्ड करायचा कंटाळा असतो, ते पानं बघायलाच आलेले असतात. त्यांना भुलवावं लागत नाही, किंमत लावावी लागते. ब्लाइंडच्या तीन-चार पट, आणि आधी आलेल्या प्रत्येकामागे आणखी एक ब्लाइंड, हे माप पुरतं.

गुलामांच्या जोडीला मात्र मी राजांचा मान देणार नाही. सत्तावन्न टक्के फ्लॉपवर तिच्याहून मोठं पान पडतं. शिवाय मघापासून गप्प कॉल करत आलेला एखादा सावध माणूस टर्नला अचानक रेज करतो, तेव्हा एक्क्यांची जोडीही टाकायची तयारी हवी. या टेबलांवर अशी माणसं थापा क्वचित मारतात.

ब्लाइंड वाढत जातात आणि तीच पानं वेगळी वागू लागतात. समजा ब्लाइंड 1,000-2,000 आणि तुमच्याकडे वीस हजार उरले. एक्का-राजा आला. पाच हजारांचा रेज करून फ्लॉपची वाट पाहिली, तर तीनांतल्या दोन फ्लॉपवर जोडी लागत नाही आणि पाव चिप्स गेलेल्या असतात. इथे सरळ ऑल-इन. सगळे पळाले तर ब्लाइंड तुमचे, आणि राण्यांच्या जोडीनं कॉल केलं तरी पाचही पानं पाहायला मिळतात. सामना जवळजवळ बरोबरीचा.

सॅटेलाइटची गोष्ट निराळी. तिथे बक्षीस म्हणून मोठ्या टुर्नामेंटच्या सारख्याच किमतीच्या जागा असतात. जागा दहा, उरलेले भिडू अकरा, तुमच्याकडे भरपूर चिप्स आणि कोपऱ्यातला एक जण संपत आलेला, अशा वेळी तुमच्याहून मोठ्या ढिगाऱ्याच्या ऑल-इनसमोर एक्क्यांची जोडीही फोल्ड करणं बरोबर असतं. जिंकून दुसरी जागा मिळत नाही, हरलात तर आहे ती जाते.

एवढं सगळं नीट खेळूनही एक्के राजांसमोर साधारण पाच-सहा वेळांत एकदा हरतात. ऐंशी टक्क्यांची बाजू असलेले तीन ऑल-इन ओळीनं जिंकण्याची शक्यता फक्त एक्कावन्न टक्के आहे. हा हिशेब पचत नसेल, किंवा फीचे पैसे गेल्यानं घरखर्च अडणार असेल, तर त्या टेबलावर बसू नका.