पान चोळून बघा

मेरीलँडला राहायला आलो त्याच वर्षी जूनमध्ये घरामागच्या कुंपणाशी तुती सापडली. काळीभोर फळं, फरशीवर जांभळा सडा आणि चपलांचे ठसे थेट हॉलमधल्या गालिच्यावर. "ही इथलीच मूळची तुती बरं का," असं मी शेजारणींना छातीठोकपणे सांगत सुटले. दोन वर्षं सांगितलं. साफ चूक होतं.

पूर्व अमेरिकेतली मूळची तुती म्हणजे लाल तुती, मोरस रुब्रा. पांढरी तुती, मोरस अल्बा, ही चीनची. रेशमाचे किडे हिच्या पाल्यावर पोसायचे म्हणून वसाहतींच्या काळात तिला इकडे आणलं. 1830 च्या दशकात तर चिनी तुतीच्या रोपांचा चक्क सट्टा चालला आणि 1839 च्या सुमारास भाव कोसळले. रेशीम राहिलं बाजूला. झाडं मात्र पाखरांनी रानोमाळ पेरली. शिवाय नावावर जायची सोय नाही. 'पांढऱ्या' तुतीची फळं पांढरी असतात, गुलाबी असतात आणि पार काळीही असतात. मी फसले ती तिथेच.

डोळे उघडले पोटोमॅक नदीकाठी, जुन्या कालव्याच्या वाटेवर. उंच सायकॅमोरच्या सावलीत एक बेताचं झाड उभं होतं, पानं तळहाताहून मोठी. चालता चालता एक पान दोन बोटांत चोळलं आणि एकदम आजोळ आठवलं. कोकणात मामाकडे लाकडी पाट घासून गुळगुळीत करायला खरवतीची पानं वापरत. हे पान वरून तस्संच खरखरीत. उलटं केलं तर खालून सगळ्या पानभर मऊ लव, टोक लांब निमुळतं, कडेचे दाते बारीक आणि धारदार.

घरी येऊन कुंपणाशी गेले. तिथलं पान वरून तेलाचा हात फिरवल्यासारखं चकचकीत, लव असलीच तर खाली शिरांलगत, टोक आखूड, दाते बोथट. म्हणजे नदीकाठची ती लाल तुती, आणि कुंपणाशी ही पांढरी. संपला विषय! पानाला खाचा आहेत की नाहीत, हे बघण्यात वेळ घालवू नका. खाचांची पानं दोघींनाही येतात, आणि कोवळ्या झाडावर जास्तच.

खरवत काय, तुती काय, दोघी वड-फणसाच्याच कुळातल्या. देठ मोडला की चीक येतो. फणसाचा एकेक गरा जसा एकेका फुलाचा, तसाच तुतीचा एकेक रसाळ दाणा. बहुतेक झाडं एकतर नर नाहीतर मादी, तेव्हा नर झाडाखाली वाडगा घेऊन उभं राहण्यात अर्थ नाही.

खरी पंचाईत पुढेच आहे. या दोन तुतींचा सर्रास संकर होतो. मग पान थोडं खरखरीत, थोडं चकचकीत असं मधलंच निघतं, आणि तिथे माझी बोटंही हात टेकतात. जनुकीय तपासणीच करावी लागते. कॅनडात, दक्षिण ऑन्टारिओत, लाल तुती संकटग्रस्त ठरली आहे, त्यामागे हा संकरही एक कारण आहे.

कुंपणाशी असलेल्या चिनी बाईला यंदाही भरपूर फळं लागली. शेजारीण वाडगा घेऊन आली आणि म्हणाली, "तुमच्या त्या मूळच्या तुतीची चव काही औरच!"

तिला अजून सांगितलेलं नाही.