जिप्सी उचलली, टायर मोठे टाकले. आता पुढचा प्रोपेलर शाफ्ट कोणता घ्यायचा?

यवतमाळ जिल्ह्यात पाऊस लागला की काळी माती चाकाला धरते आणि पांदण रस्ते बंद पडतात. अशा वाटांवर फोर बाय फोर गाडीच कामाला येते. टिपेश्वरच्या सफारीमुळे ओळखीची झालेली मारुती जिप्सी त्यातलीच एक. १९८५ साली आलेली ही गाडी आता नवी मिळत नाही. त्यामुळे जुनी जिप्सी घ्यायची, पाटे बदलून ती उंच करायची आणि मोठे टायर टाकायचे, असं अनेक हौशी लोक करतात. पण पुढचा प्रोपेलर शाफ्ट बदलायची वेळ आली की ‘जिप्सीचा द्या’ एवढं सांगून भागत नाही.

उंची वाढल्यावर काय बदलतं?

पुढचा शाफ्ट ट्रान्सफर केसपासून पुढच्या अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेतो. गाडी उचलली की ट्रान्सफर केस वर जाते, अ‍ॅक्सल मात्र खालीच राहतो. दोघांमधलं अंतर वाढतं आणि शाफ्ट जास्त तिरका होतो. कोन वाढला की टोकांचे युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे गॅरेजच्या भाषेतले ‘क्रॉस’, लवकर झिजतात.

मापं कोणती घ्यायची?

मापं गाडी उचलून झाल्यावरच घ्यावीत आणि तीन घ्यावीत. पहिलं, गाडी सपाट जागी चाकांवर उभी असताना फ्लँजपासून फ्लँजपर्यंत. दुसरं, अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबकळत असताना. तिसरं, पाटे पूर्ण दबलेले असताना.

शाफ्टचा सरकणारा भाग या सगळ्या हालचालीला पुरला पाहिजे. शाफ्ट आखूड असेल तर खड्ड्यात चाक खाली जाताच तो सुटू शकतो. लांब असेल तर पाटे दबल्यावर तो थेट ट्रान्सफर केसवर दाब देतो आणि खर्च वाढतो. याशिवाय फ्लँजची भोकं, क्रॉसचं माप आणि स्प्लाइनचे दातेही जुळायला हवेत.

पर्याय किती?

उंची थोडीच वाढवली असेल तर मूळ शाफ्टला फ्लँजजवळ स्पेसर लावून काम भागतं. त्याहून जास्त असेल तर नळी लांब करून, वेल्डिंगनंतर बॅलन्स केलेला शाफ्ट लागतो.

तिसरा पर्याय ट्रान्सफर केसकडच्या टोकाला दुहेरी जॉइंट असलेल्या शाफ्टचा. तो मोठा कोन पेलतो. मात्र त्यासाठी अ‍ॅक्सलचं तोंड ट्रान्सफर केसकडे वळवावं लागतं. मागच्या अ‍ॅक्सलला ते चालतं. पुढचा वळवला की स्टिअरिंगचा कॅस्टर कोन बदलतो आणि गाडी रस्त्यावर भरकटू लागते. म्हणून मागे चांगला चाललेला उपाय पुढे जसाच्या तसा लावता येत नाही.

साध्या शाफ्टमध्ये दोन्ही टोकांचे कोन जवळपास सारखे हवेत आणि दोन्ही योक एका रेषेत. शाफ्ट सोडवण्याआधी दोन्ही भागांवर खूण करून ठेवावी. जोडताना एक दाता जरी चुकला तरी गाडी थरथरते.

दोष नक्की शाफ्टचाच आहे का?

फ्री व्हीलिंग हब असतील तर ते मोकळे करून गाडी टू-व्हीलमध्ये चालवून पाहावी. या वेळी पुढचा शाफ्ट फिरत नाही. तरीही थरथर राहिली तर कारण दुसरीकडे आहे.

सगळ्यात जाड शाफ्टच घ्यावा का?

गरज नाही. चिखलात रुतलेलं चाक रेस देऊन फिरवताना अचानक पकड मिळाली की जोराचा धक्का बसतो. शाफ्ट खूपच भक्कम असेल तर तो धक्का डिफरन्शियलच्या गिअरपर्यंत जातो. वाटेत क्रॉस बदलता येतो, गिअर नाही.

आणि कायदा?

बिघडलेला शाफ्ट बदलणं ही दुरुस्ती आहे. गाडीची मूळ रचना बदलण्यावर मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चं बंधन आहे. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते अधोरेखित केलं. त्यामुळे पाटे आणि टायर बदलण्याआधीच आरटीओ आणि विमा कंपनीकडे चौकशी करावी. शाफ्टची मापं त्यानंतर घ्यावीत.