गोष्टीचे अवयव आणि बालशिक्षण

गोष्टीचे अवयव शिकविणे म्हणजे पात्र, स्थळ, आरंभ, मध्य व शेवट ही नावे मुलांकडून पाठ करवून घेणे, असा समज शिक्षकांत व पालकांत सर्रास आढळतो. त्यामागील तळमळ खरी असली तरी तो अपुरा आहे. जात्याचा खुंटा आणि दोन्ही दगड ओळखता आले, पण त्यांपैकी फिरतो कोणता हे ठाऊक नसले, तर दळण कसे होते ते उमगत नाही. गोष्टीतील हा फिरता भाग म्हणजे कथानक (कार्यकारणभावाने जुळलेल्या घटना). चिऊकाऊच्या गोष्टीत काऊचे घर शेणाचे व चिऊचे मेणाचे असते. पावसात शेणाचे घर वाहून जाते, आणि निवारा गेल्यामुळेच काऊ चिऊच्या दाराशी येतो. हा संबंध लहान मूलही आपणहून पकडते. ‘पाऊस आलाच नसता तर?’ एवढेच विचारावे आणि उत्तरासाठी त्याला निवांत अवसर द्यावा. भरताच्या नाट्यशास्त्रातही कथावस्तूच्या पाच अवस्था सांगताना आरंभापासून फलागमापर्यंत (इष्टफल हाती येईपर्यंत) नायकाच्या प्रयत्नाचाच माग घेतलेला आहे. अशा पारिभाषिक संज्ञांचा परिचय पुढील इयत्तांत खुशाल करून द्यावा. बालवर्गात त्यांची परीक्षा घेण्याचे काही प्रयोजन नाही.