आमच्या लेकरांचे हसणे नोंदले गेलेच पाहिजे

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली. उपनगरातील कोणत्याही वस्तीत संध्याकाळी फेरफटका मारावा. एखादी आई उंबऱ्यात बसून मोबाईल रोखून धरते आणि तिचे दीड वर्षाचे लेकरू बापाच्या चपला पायात अडकवून डुलत डुलत चालते. कुणाचे पोर पातेल्यावर पळी बडवते, कुणाचे पाण्याच्या पिंपाशी भिजून चिंब होते, तर कुणी बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे हात जोडून बोबडा ‘जयभीम’ करते. शेजारीपाजारी हसतात. काही शहाणे मात्र नाक मुरडतात. पोराला खेळवायचे सोडून हे कसले शूटिंग, असे विचारतात. या शहाण्यांना आमचे उत्तर आहे. ज्या समाजाची नोंद आजवर दुसऱ्यांनीच ठेवली, त्या समाजातील आई आता स्वतः नोंद ठेवू लागली आहे. तिला हसू नका.

लेकराचे चलतचित्र घेण्याची हौस सिनेमाइतकीच जुनी आहे. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून आपली चित्रे दाखवली. त्यात एक चित्र घरातलेच होते. ऑगस्ट ल्युमिएर आणि त्यांची पत्नी आपल्या तान्ह्या मुलीला अंगणात भरवत आहेत, एवढाच त्यातला प्रसंग. त्याच दिवशी दुसरेही एक चित्र दाखवले गेले. त्यात ल्युमिएरांच्याच कारखान्यातील कामगार फाटकातून बाहेर पडताना दिसतात. मालकाचे बाळ काय खाते, कसे हसते, हे जगाने पाहिले. कामगारांची लेकरे घरी काय करत होती, ते कोणी टिपले? कॅमेरा ज्याच्या हाती, त्याचेच घर इतिहासात जाते. कष्टकऱ्यांना तो फाटकापाशीच थांबवतो.

आपल्या घरी तर साध्या फोटोचीही वानवा होती. बाबासाहेब आणि माता रमाई यांची चार लेकरे बालपणीच गेली. लाडका राजरत्न गेला तो १९२६ साली. त्या काळातील बाबासाहेबांची पत्रे वाचली, तर त्या बापाचे काळीज कसे फाटले होते ते कळते. पण राजरत्न रांगायचा कसा, हसायचा कसा, हे आपण कधीच पाहू शकणार नाही. फेब्रुवारी १९३४ मधील राजगृहातील कौटुंबिक फोटो आपल्या घराघरात आहे. त्यात बाबासाहेब, रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंदराव आहेत, टॉबी नावाचा कुत्राही आहे. लेकरांपैकी मात्र एकटे यशवंतराव आहेत आणि तेही विशीतले. पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या. आपल्या माणसाचे साधे घरगुती क्षण नोंदले न जाणे म्हणजे काय, हे आणखी कुणी आपल्याला समजावून सांगायला हवे काय?

रमाईंच्याच नावाची वस्ती घाटकोपरला आहे. रमाबाई आंबेडकर नगर हे नाव देशभर पोचले ते ११ जुलै १९९७ मुळे. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव दलाच्या गोळीबारात १० जण शहीद झाले. चार दिवसांनी मुलुंडला शाहीर विलास घोगरे यांनी मृत्यूला कवटाळले. आनंद पटवर्धन यांनी १४ वर्षे खपून ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट २०११ साली पूर्ण केला आणि त्या दिवसांची साक्ष जपली. ती जपलीच पाहिजे. परंतु आमच्या वस्तीची ओळख केवळ रक्ताच्या आणि अश्रूंच्या चित्रांनीच व्हावी काय? याच गल्ल्यांत बारशी झाली, पांगुळगाडे फिरले, पोरांनी पहिली पावले टाकली. तोही आमचा इतिहास आहे.

आज हे तातडीने सांगण्याचे कारण आहे. पूर्व मुक्त मार्ग छेडानगरहून ठाण्याकडे वाढवण्यासाठी आणि पुनर्विकासासाठी रमाबाई आंबेडकर नगर व कामराज नगर येथील सुमारे १७ हजार कुटुंबांचे पुनर्वसन एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने हाती घेतले आहे. पक्के घर हा आपला हक्क आहे आणि तो पदरात पडेपर्यंत आपण जागे राहूच. मात्र उद्या उंच इमारतीत वाढणाऱ्या मुलाने विचारले, ‘मी चालायला शिकलो ती गल्ली कुठे आहे?’ तर त्याला काय दाखवणार? सरकारच्या सर्वेक्षणात झोपडीचा क्रमांक आणि क्षेत्रफळ सापडेल. आजीने ओट्यावरून मारलेली हाक तिथे कशी सापडणार?

म्हणून नोंद ठेवताना थोडी काळजी घ्यावी. १९९० च्या दशकात आपल्या वस्त्यांत लग्नाला व्हिडिओवाला यायचा. त्या कॅसेटींचे काय झाले? दमट हवेने कित्येकींना बुरशी आली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाणी शिरलेल्या घरांतून भांड्यांबरोबर अल्बम आणि कॅसेटीही गेल्या. २०१६ साली व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनेही उत्पादन थांबवले. मोबाईलही फुटतो, चोरीला जातो. तेव्हा एक प्रत पेनड्राइव्हवर आणि दुसरी गावाकडच्या नातेवाइकाकडे ठेवावी. लेकराचे नाव, तारीख आणि गल्ली बोलून ठेवावी. मोबाईल आडवा धरून लेकराच्या उंचीवर खाली बसावे. मोरी, पिंप, पत्र्याची भिंत लाजून चित्राबाहेर ढकलू नये. आणि एक पथ्य पाळावे. लेकराचे उघडे अंग वा रडणे जगाला दाखवायला टाकू नये. मोठेपणी त्याला स्वाभिमानाने पाहता येईल, तेवढेच चारचौघांत न्यावे.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हा बाबासाहेबांचा मंत्र आपण मुलांना देतोच. मात्र त्यांचे बागडणेही आपल्या चळवळीची कमाई आहे. ज्यांच्या आजोबांना पाणवठ्यावर पाणी मिळत नव्हते, त्यांचे नातू आज घरच्या नळाखाली मनसोक्त पाणी उडवतात. मातांनो, पित्यांनो, हे पाणी उडवणे टिपून ठेवा. आपल्या मुलांचे हसणे जपण्याचे काम दुसरे कोणी करणार नाही. जयभीम!