‘मिळकत’ म्हणजे काय? वॉशिंग्टन राज्यातील प्राप्तिकराचा वाद

अमेरिकेतील वॉशिंग्टन या घटक राज्यात अधिक उत्पन्नावर कर बसविण्याची एक सूचना नोव्हेंबर २०१० मध्ये मतदारांपुढे आली. व्यक्तीच्या २ लाख व दांपत्याच्या ४ लाख डॉलरांवरील वार्षिक उत्पन्नावर शेकडा ५, आणि अनुक्रमे ५ व १० लाखांवरील उत्पन्नावर शेकडा ९, असा हा कर होता. त्याच्या मोबदल्यात राज्याच्या मालमत्ता करात शेकडा २० कपात व्हावयाची होती. थोरले बिल गेट्स हे सूचनेचे पुरस्कर्ते, तर स्टीव्ह बामर व जेफ बेझोस हे विरोधकांचे देणगीदार. सुमारे ६४ टक्के मतदारांनी ती फेटाळली. ज्यांना हा कर कधीच द्यावा लागला नसता, अशा बहुसंख्यांनीच तो नाकारला, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते.

धनिक व उद्योग राज्य सोडून जातील, हा विरोधकांचा आक्षेप प्रसिद्ध असला तरी तो त्यांचा सर्वांत बलवान मुद्दा नव्हे. त्यांचे खरे बळ ‘अधिक उत्पन्न’ या पदाच्या अस्थिरतेत होते. मतदारांनी संमत केलेला कायदा दोन वर्षांनंतर साध्या बहुमताने बदलण्याचा अधिकार तेथील विधिमंडळास आहे. जनमत घेतल्यावाचून दर वाढविता येणार नाही, असे कलम सूचनेत होते खरे. परंतु एका कायद्याने पुढील विधिमंडळाचे हात बांधता येत नाहीत, हे विरोधकांनी मतदारांच्या मनावर बिंबविले. या भीतीस इतिहासाचा आधारही होता. संघराज्याचा प्राप्तिकर १९१३ मध्ये ३,००० डॉलरांवरील उत्पन्नावर शेकडा १ असा सुरू झाला, तेव्हा तो फार थोड्यांना लागू होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो सामान्य पगारदारापर्यंत पोहोचला.

विरोधाचा दुसरा आधार मात्र केवळ शब्दार्थाचा होता, आणि भाषेच्या अभ्यासकास तोच अधिक उद्बोधक वाटेल. १९३० च्या घटनादुरुस्तीने एकाच वर्गातील मालमत्तेवरील कर समान असावा असे ठरविले, आणि स्वामित्वास पात्र अशा मूर्त-अमूर्त सर्व गोष्टी ‘मालमत्ता’ या शब्दात समाविष्ट केल्या. १९३२ मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने चढत्या दराचा प्राप्तिकर मंजूर केला. पण १९३३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, कलिटन विरुद्ध चेस या खटल्यात, ५ विरुद्ध ४ मतांनी तो रद्द ठरविला. उत्पन्नावर कोणाचे तरी स्वामित्व असतेच, म्हणून उत्पन्न ही मालमत्ता होय, आणि चढता दर हा समानतेच्या नियमाचा भंग होय, असा हा तर्क.

इंग्रजीत हे समीकरण ओढूनताणून आणल्यासारखे वाटते. मराठी वाचकास तसे वाटणार नाही. ‘मिळकत’ म्हणजे मिळालेले, म्हणजेच प्राप्ती. पण पुणे महानगरपालिका ‘मिळकतकर’ घेते तो घरादारावर, आणि भूमापन खात्याची ‘मिळकत पत्रिका’ही जमिनीचीच असते. येणारा पैसा आणि साचलेले धन यांना एकाच शब्दात राहू देण्यात आपल्या व्यवहाराचे काही बिघडले नाही. ते पद घटनेतील व्याख्येत असते, तर मात्र बिघडले असते.

व्याख्येचा हा भार हलका नव्हता. प्राप्तिकराची वाट बंद झाल्याने राज्याची भिस्त मुख्यतः विक्रीकर, मालमत्ता कर व धंद्याच्या एकूण उलाढालीवरील कर यांवर पडली, आणि विक्रीकराचा बोजा अल्प उत्पन्नाच्या कुटुंबास प्रमाणाने अधिक जाणवतो. कर नाकारणाऱ्या मतदारांपैकी कित्येक जण हाच बोजा वाहत होते.

पुढे २०२१ मध्ये विधिमंडळाने २,५०,००० डॉलरांवरील भांडवली नफ्यावर शेकडा ७ कर बसविला. हा प्राप्तिकरच असून केवळ नाव बदलले आहे, ही विरोधकांची तक्रार निराधार म्हणता येत नाही. संघराज्याच्या करकायद्यात भांडवली नफा उत्पन्नातच मोडतो. तथापि मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने, क्विन खटल्यात, ७ विरुद्ध २ मतांनी निराळा निर्णय दिला. कर मालमत्तेवर नसून विक्रीच्या व्यवहारावर आहे, असे सांगून त्याने तो वैध ठरविला आणि १९३३ च्या व्याख्येस हात लावला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये हा कर रद्द करण्याची सूचना मतदारांपुढे आली, तेव्हा तीही सुमारे ६४ टक्क्यांनीच फेटाळली गेली.