अन्ननलिकेचा कर्करोग : लसिका ग्रंथी कोठवर काढाव्यात?

अर्बुदाचा अंश शिल्लक राहिल्यास ते पुन्हा वाढते, म्हणून ते निःशेष काढावे, असे सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात बजावले आहे. अन्ननलिकेच्या कर्करोगात हे ‘निःशेष’ नेमके कोठवर, हा प्रश्न आधुनिक शल्यविशारदांपुढेही आहे.

अन्ननलिकेच्या अंतःस्तराखालील लसिकावाहिन्यांचे जाळे उभे पसरलेले असते. त्यामुळे छातीतील अर्बुदाच्या पेशी वर मानेतील व खाली जठराजवळील ग्रंथींतही पोहोचू शकतात. उदर व छाती येथील ग्रंथी काढणे ही द्विक्षेत्रीय शस्त्रक्रिया होय. त्यांसोबत मानेतील ग्रंथीही काढल्यास ती त्रिक्षेत्रीय ठरते. ही दुसरी पद्धती प्रामुख्याने जपानमध्ये विकसित झाली.

अधिक ग्रंथी काढल्याने अधिक हित होतेच, असे मात्र नाही. शांघायच्या फुदान विद्यापीठात २०१३ ते २०१६ या काळात, अन्ननलिकेच्या मध्य व अधोभागी कर्करोग असलेल्या ४०० रुग्णांमध्ये दोन्ही पद्धतींची तुलना झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्रिक्षेत्रीय शस्त्रक्रियेने आयुर्मान वाढल्याचे आढळले नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानेही अशी तुलना हाती घेतली. वरच्या भागातील ग्रंथी स्वरयंत्राच्या चेतातंतूंलगत असतात. त्यांना इजा झाल्यास आवाज बसतो व गिळताना ठसका लागतो. रसकुल्येस इजा झाल्यास छातीत दुधाळ द्रव साठतो. उलटपक्षी, फारच थोड्या ग्रंथी काढल्यास रोगाची खरी अवस्था कळत नाही. म्हणून किमान १५ ग्रंथी तपासल्या जाव्यात, असा संकेत रूढ आहे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात खर्ऱ्याचे व्यसन गावोगावी आहे, आणि तंबाखू हे या रोगाचे एक प्रमुख कारण होय. भाकरी घशाखाली उतरत नाही, पाण्याच्या घोटाबरोबरच घास जातो, वजन घटते, अशी तक्रार सांगणाऱ्या रुग्णास अम्लपित्त समजून महिनोन्‌महिने औषध देऊ नये. औषधविक्रेत्यांनीही आम्लनाशक वारंवार नेणाऱ्या ग्राहकाकडे गिळण्याची चौकशी करावी. अशा रुग्णास दुर्बिणीद्वारे तपासणीसाठी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अथवा नागपूरला विनाविलंब पाठवावे. शस्त्रक्रियेनंतर परतलेल्या रुग्णाचा बसलेला आवाज वा ठसका साध्या स्वरभेदाचा वा कासाचा मानू नये. त्याच्या शल्यविशारदांशी संपर्क साधावा.

ग्रंथी किती काढाव्यात, हे शल्यविशारद ठरवतील. रुग्ण त्यांच्याकडे वेळेत पोहोचेल की नाही, हे मात्र बहुधा आपल्याच चिकित्सालयात व दुकानात ठरते.