मावशींच्या शिक्षणाचं काय?

सकाळी आठच्या सुमाराला पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत रात्रपाळीच्या बायका जिना उतरताना दिसतात आणि दिवसपाळीच्या चढताना. आता नाशिक, कोल्हापूर, सांगलीतही हे दृश्य नवं राहिलेलं नाही. वर कुठल्या तरी घरात पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले आजोबा असतात, नाही तर लेकीलाही न ओळखणाऱ्या आजी, किंवा सेरेब्रल पाल्सी असलेला वीस-बावीस वर्षांचा तरुण. पुढचे बारा तास त्यांचं खाणंपिणं, औषधं, अंघोळ, शी-शू सगळं या बायकांच्या हाती. मदतनीस पुरवणाऱ्या ब्यूरोकडून आलेल्या बाई घरात मावशी होतात आणि पुरुष आला तर मामा. पहिल्या दिवशी त्यांना दर विचारला जातो, सुट्ट्या विचारल्या जातात. हे काम शिकलात कुठे, असं विचारणारी घरं फार थोडी.

गरज केवढी?

2011च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं सुमारे 10 कोटी 38 लाख होती, म्हणजे लोकसंख्येच्या 8.6 टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या जवळ होतं. 2050पर्यंत देशातली पाचातली एक व्यक्ती साठीपुढची असेल, असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा 2023चा अंदाज आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासानुसार साठीपुढच्या 7.4 टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना, डिमेन्शिया आहे. अपंग व्यक्तींची नोंद 2011 साली देशात 2 कोटी 68 लाख होती आणि महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार. ही नोंद जुन्या, तोकड्या यादीवरची. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले.

यातल्या प्रत्येकाला मदतनीस लागत नाही. पण ज्यांना लागतो, त्यांचं जगणं त्या मदतनिसाच्या कौशल्यावर अवलंबून असतं. ‘प्रेमाने करतात हो’ ही कौतुकाची गोष्ट खरीच, पण नुसत्या प्रेमाने बेडसोर टळत नाही.

हाताला काय यावं लागतं?

झोपून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. कशी बदलायची, इथे शिक्षण सुरू होतं. रुग्णाला ओढलं तर चादरीवर कातडी घासते आणि जखमेची सुरुवात तिथेच होते. म्हणून कमरेखाली आडवी चादर घालून दोघांनी रुग्णाला उचलून सरकवायचं. माकडहाड, टाचा, कोपरं, डोक्याची मागची बाजू रोज बघायची. लाल डाग दिसला की बोटाने दाबायचा. बोट काढल्यावरही लाली गेलेली दिसली नाही, तर आत इजा सुरू झालेली असते. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, म्हणून जागा गरम किंवा टणक लागते का, हे हातानेच ओळखावं लागतं. अशा डागावर तेल घेऊन जोरात चोळणं हा घरोघरचा उपाय. त्याने आतली इजा वाढते.

भरवण्याचंही तसंच. पक्षाघातानंतर अनेकांच्या गिळण्यावर परिणाम होतो. अशा माणसाला उशीला टेकवून, आडवं ठेवून वाटीभर पेज पाजली, तर ती श्वासनलिकेत उतरू शकते आणि पुढे न्यूमोनिया होऊ शकतो. त्याला ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा घास. तो गिळल्याशिवाय दुसरा नाही. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर, घोगरा झाला, तर थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. घट्ट खिमटीपेक्षा पातळ पाणी जास्त धोक्याचं असू शकतं, हे शिकवल्याशिवाय कुणाला सुचेल?

पलंगावरून व्हीलचेअरवर घेताना खुर्ची रुग्णाच्या धडधाकट बाजूला लावायची, ब्रेक लावायचे, पावलं ठेवायच्या पट्ट्या वर दुमडायच्या. लुळ्या हाताच्या काखेत हात घालून उचलायचं नाही. खांदा निखळू शकतो. आपले गुडघे वाकवायचे, पाठ नाही, कारण मदतनिसाची कंबर गेली की तिचा रोजगारही जातो.

अपंग व्यक्तीबरोबरच्या कामात आणखी एक धडा असतो आणि तो सगळ्यांत अवघड. बावीस वर्षांच्या मुलाचा शर्ट आज कुठला, हे त्याने ठरवायचं. बोलायला वेळ लागत असेल, तर थांबायचं. त्याच्या देखत त्याच्याबद्दल आईशी बोलायचं नाही. अंगाला हात लावण्याआधी सांगायचं, दार लोटून घ्यायचं. मदत करणं आणि ताबा घेणं यातली रेघ प्रशिक्षणातूनच डोळ्यांना दिसू लागते.

कागदावर काय आहे?

सोयी अजिबात नाहीत, असं नाही. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा 1992चा. मुंबईत हाजी अली इथली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था 1955पासूनची. दिल्लीची राष्ट्रीय समाजरक्षा संस्था वृद्धसेवेचे अभ्यासक्रम चालवते. 1999च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाने ‘सहयोगी’ योजनेतून काळजीवाहकांचं प्रशिक्षण आखलं. कौशल्य विकासाच्या चौकटीत ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ आणि ‘होम हेल्थ एड’ हे अभ्यासक्रम आले. 2021 साली पुनर्वास परिषदेने मेलबर्न विद्यापीठाच्या सहकार्याने सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला. तो पूर्ण करणाऱ्यांना ‘दिव्यांग मित्र’ म्हटलं जातं.

कायद्यालाही हा माणूस ठाऊक आहे. 2016च्या कायद्यात काळजीवाहकाची व्याख्या आहे आणि तिच्यात पगारी मदतनीस व घरची माणसं दोन्ही येतात. जास्त आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक 2019च्या डिसेंबरात लोकसभेत आलं. घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान निकष त्यात होते. ते मंजूर झालं नाही. त्यामुळे ब्यूरो काढायला आजही मदतनिसाच्या शिक्षणाचा पुरावा लागत नाही.

गाडी अडते ती इथेच. तीन-सहा महिने रोज वर्गाला जायचं, तर मावशींचा रोज बुडतो, आणि घर तर त्यांच्याच पगारावर चालतं. प्रवेशाला शालेय शिक्षणाची अट, पुस्तक बहुधा इंग्रजी-हिंदी वळणाचं. इतकं करून प्रमाणपत्र मिळालंच, तर ब्यूरोचा दर तोच आणि कमिशनही तेच. जे शिकून पगार वाढत नाही, ते पोटाला चिमटा काढून का शिकावं? ज्या तरुण मुली हा अभ्यासक्रम पूर्ण करतात, त्यांना साहजिकच रुग्णालयाची नोकरी बरी वाटते. घरं राहतात तिथेच.

जपानने काय केलं?

जपानने काळजीसेवेची राष्ट्रीय पात्रता 1987च्या कायद्याने निर्माण केली आणि 2000 साली दीर्घकालीन काळजीविमा लागू केला. तिथे सुरुवातीचं प्रशिक्षण 130 तासांचं आहे, शेवटी लेखी परीक्षा. काम करत तीन वर्षं झाली आणि 450 तासांपर्यंतचं पुढचं प्रशिक्षण घेतलं, की राष्ट्रीय परीक्षेला बसता येतं. महत्त्वाचं पुढेच आहे. कामगारांचे पगार आणि बढतीची वाट सुधारणाऱ्या संस्थांना विम्यातून वाढीव रक्कम मिळते. शिक्षण, अनुभव आणि पैसा यांची गाठ अशी धोरणातच मारलेली आहे. तरीही जपानला माणसं कमी पडतात आणि ती भारतातून नेण्यासाठी 2021 साली दोन्ही देशांत करार झाला. त्यासाठी जपानी भाषेचे आणि काळजीसेवेचे वर्ग आपल्याकडे चालतात. परदेशी म्हाताऱ्यांसाठी आपण मुलं पद्धतशीर घडवणार असू, तर घरच्या म्हाताऱ्यांसाठी का नाही?

आपलीच जुनी वाट

हे आपल्याला जमणार नाही, असं म्हणायला महाराष्ट्राला तोंड नाही. 1909 साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली तिथे विधवा आणि गरजू स्त्रियांसाठी परिचारिकेच्या शिक्षणाची वाट खुली झाली. परक्याचं अंग पुसणं, रात्री रुग्णालयात थांबणं त्या काळच्या पांढरपेशा घरांना कमीपणाचं वाटत होतं. शिक्षण, राहायची सोय आणि संस्थेचा आधार एकत्र मिळाल्यावर त्या कामाला प्रतिष्ठा आली. मावशींचं काम आज त्याच उंबऱ्यावर आहे.

मग करायचं काय? प्रशिक्षण वस्तीजवळ हवं, मराठीत हवं, आठवड्यातून दोन संध्याकाळी किंवा पाळीच्या सुट्टीत हवं. वाचता न येणाऱ्या बाईंची परीक्षा हाताने घ्यावी: कूस बदलून दाखवा, भरवून दाखवा. पंधरा वर्षं काम केलेल्यांचं कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची पद्धत सरकारी कौशल्य योजनेत आहेच, ती ब्यूरोंपर्यंत न्यावी. महापालिकांनी ब्यूरोंची नोंदणी करावी आणि शिकलेल्या मदतनिसाचा दर वेगळा जाहीर करावा. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 सालीच झाला; त्याच्या छत्राखाली या बायकांचा वेगळा गट करता येईल.

आणि काही गोष्टी आपल्या घरातून, आजच सुरू होऊ शकतात. रुग्णालयातून घरी सोडताना नळी, कूस, भरवणं यांचं प्रात्यक्षिक मागून घ्यावं आणि त्या वेळी मावशींना शेजारी उभं करावं. नवी मावशी ठेवताना शिक्षण विचारावं. शिकलेली असेल तर चार पैसे जास्त द्यावेत. नसेल तर वर्गाच्या दिवसांचा पगार न कापता तिला पाठवावं. शिक्षणाला पहिली किंमत घरांनी दिली, तर ब्यूरोला ती द्यावीच लागेल, आणि सरकारला मागणी दिसेल.